रेणूंच्या मॉडेलचा डबा: आकार जमतो, कोन नाही

अकरावी-बारावीच्या क्लाससाठी सांगलीत गणपती पेठेतून रेणूंच्या मॉडेलचा डबा घेतला, साडेआठशे रुपयांना. काळा कार्बन, निळा नायट्रोजन, लाल ऑक्सिजन, पांढरे हायड्रोजन, करड्या दांड्या हे सगळ्याच डब्यांत असतं. मी पैसे मोजले ते गुलाबी तुकड्यांसाठी. कृष्णाकाठच्या वांग्यासारखे फुगीर, लोन पेअर, म्हणजे बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनची जोडी, दाखवायला दिलेले.

फळ्यावर पाण्याचा रेणू काढताना मुलं ऑक्सिजनवरचे लोन पेअरचे चार ठिपके खुशाल गाळतात आणि रेणू सरळ रेषेत काढून मोकळी होतात. इथे ते जमत नाही. ऑक्सिजनला चार भोकं: दोन हायड्रोजनची, दोन गुलाबी. मग गुलाबी उपटायचे, उरतो तो आकार. मांडणी चतुष्फलकी (चार दिशांना चार टोकं) पण आकार वाकडा, हे पाठ न करता कळतं. एवढ्यावर मी खूश होते.

मग एका पोरीने कंपासमधला कोनमापक लावला. ‘मॅडम, पाण्याचा कोन मिथेनएवढाच येतोय.’ येणारच! सगळ्या गोळ्यांची भोकं १०९.५ अंशांवर पाडलेली. खरे आकडे अमोनियाला साधारण १०७ आणि पाण्याला १०४.५. बंधातली जोडी दोन केंद्रकांच्या ओढीत असते, लोन पेअर एकाच केंद्रकाची. म्हणून ती जास्त पसरते आणि बंधांना एकमेकांकडे रेटते. डब्यातले गुलाबी तुकडे नुसते बसून राहतात, रेटत नाहीत. त्यापेक्षा चार फुगे देठाशी एकत्र बांधा, चतुष्फलक आपोआप होतो. त्यातले दोन जास्त फुगवले की उरलेले दोन जवळ सरकतात. खर्च दहा-वीस रुपये.

मग डबा वाया गेला का? नाही. पाच आणि सहा भोकांचे गोळे आहेत ना! सल्फर टेट्राफ्लोराइडमध्ये लोन पेअर कुठे बसवायची यावर माझ्या वर्गात तास रंगला. पाच भोकांच्या गोळ्यात वर एक, खाली एक आणि मधल्या पट्ट्यात तीन भोकं. वर किंवा खाली बसवली तर काटकोनात तीन शेजारी, मधल्या पट्ट्यात बसवली तर दोनच. म्हणून मधला पट्टा, आणि आकार सी-सॉ. क्लोरिन ट्रायफ्लोराइडमध्ये दोन्ही जोड्या मधल्या पट्ट्यात जातात, उरतो टी. झेनॉन टेट्राफ्लोराइडमध्ये त्या समोरासमोर, रेणू सपाट चौकोन. फुग्यांनी हे दाखवायला गेलात तर फुटतील तरी नाहीतर मुलं खेळत बसतील. (हायड्रोजन सल्फाइडचा ९२ अंशांचा कोन मात्र नुसत्या रेटारेटीने समजावता येत नाही, त्याला मी हात लावत नाही.)

दांड्या लवकर सैल होतात, सुट्या मिळत नाहीत. नववी-दहावीसाठी घेऊ नका. अकरावीच्या पुढे घेणार असाल तर दुकानातच डबा उघडून पाच भोकांचा गोळा आहे का ते बघा. स्वस्तातल्या डब्यांत नेमका तोच नसतो.