उन्हात मागची स्क्रीन: भिंगाचा व्ह्यूफाइंडर की साधं हूड?

व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नसलेला कॅमेरा घेऊन एप्रिलच्या दुपारी वेरूळच्या कैलास लेण्याच्या चौकात उभं राहिलं, की स्क्रीनवर देवळाऐवजी आपलाच चेहरा दिसतो. जालन्याच्या भाच्याचा प्रश्नही तोच: मागच्या स्क्रीनवर बसणारा भिंगाचा व्ह्यूफाइंडर घेऊ, की स्क्रीनवर सावली धरणारं घडीचं हूड?

खर्चात हूड सरळ जिंकतं. काळा पुठ्ठा कापून घरीही बनतं.

दिसण्यात मात्र बरोबरीच नाही. हूड फक्त बाजूचं ऊन अडवतं. सूर्य थेट पाठीशी आला की त्याचा उपयोग संपला. भिंगवाला डोळ्याला टेकतो, बाहेरचा उजेड बंद होतो आणि चित्र साधारण अडीच-तीन पट मोठं दिसतं. फोकस किंचित हुकला तरी लगेच कळतं. कॅमेरा चेहऱ्याला टेकल्यामुळे हातात धरून केलेला व्हिडिओही कमी हलतो. चष्मेवाल्यांनी नंबर जुळवायची रिंग आहे ना, ते आधी बघावं. स्क्रीन जुनी, कमी पिक्सेलची असेल तर ठिपकेही मोठे दिसणार, हे आलंच.

त्रास भिंगाचाच जास्त. टचस्क्रीन झाकली जाते, वळणारी स्क्रीन अडते. चिकटवायची फ्रेम आपल्याकडच्या मे महिन्यात सुटू शकते. ट्रायपॉडच्या स्क्रूवर बसणारा प्रकार बरा. आणि व्ह्यूफाइंडरचं भिंग सूर्याकडे करून कॅमेरा ठेवू नये: ऊन एकवटून स्क्रीनवर कायमचा डाग पडू शकतो.

लग्नाचे व्हिडिओ, हाताने फोकस करायचं काम असेल तर भिंगवालाच. फिरताना चार फोटो काढायचे, स्क्रीनला बोट लावून फोकस करायची सवय असेल, तर हूड पुरे.