केसपेपरवर जीपीएलए की टीपाल?

नवीन दवाखान्याचे केसपेपर छापायला टाकताना हा प्रश्न येतोच: आधीच्या बाळंतपणांच्या नोंदीसाठी चार चौकटी (जीपीएलए) ठेवायच्या की पाच (जी आणि टीपाल)? तालुक्याच्या गावात प्रसूतिगृह सुरू करताना मीही यात अडकलो होतो. आधी चार छापल्या. आता पाच आहेत.

जीपीएलए (ग्रॅव्हिडा म्हणजे खेप, पॅरा म्हणजे बाळंतपण, लिव्हिंग, अबॉर्शन) आपल्या डॉक्टरांच्या हाडीमाशी मुरलेलं. राउंडला ‘जी थ्री, पी वन, एल वन, ए वन’ म्हटलं की इंटर्नपासून सिस्टरपर्यंत सगळ्यांना कळतं: तिसरी खेप, एक बाळंतपण, एक मूल हयात, एकदा खाली झालेलं. रेफरल चिठ्ठीवर हेच, लेबर रूमच्या फळ्यावर हेच, परीक्षेतही हेच. टीपाल (टर्म, प्रीटर्म, अबॉर्शन, लिव्हिंग) अमेरिकी वळणाचं. त्यात पॅरिटीचे, म्हणजे बाळंतपणांच्या संख्येचे, दोन तुकडे पडतात: दिवस भरून झालेली बाळंतपणं वेगळी, ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीची वेगळी.

बाकी बाबतीत दोन्ही सारखीच मुकी. सिझर होतं की नॉर्मल, कुणीच सांगत नाही. ‘ए’मध्ये आपोआप पडलेलं, पिशवी साफ केलेलं आणि नळीतलं गर्भारपण, सगळं एकत्र, सासू शेजारी बसलेली असते तेव्हा ते झाकलेलंच बरं. जुळ्यांचा घोळही दोन्हीकडे तोच. बाळंतपण एक, मुलं दोन. आमच्याकडे एका नव्या पोराने ‘पी १, एल २’ पाहून चूक समजून एल खोडला होता.

उंबरठ्याचंही, म्हणजे कितव्या आठवड्यापासून ‘बाळंतपण’ मोजायचं त्याचंही, लक्षात असू द्या. आपल्या पुस्तकांतला जुना हिशेब २८ आठवड्यांचा, ब्रिटनचा २४चा, अमेरिकेचा २०चा. २६व्या आठवड्यात मृत जन्मलेलं बाळ इथे ‘ए’त जातं, तिकडे बाळंतपणात. परदेशातून माहेरी आलेल्या मुलीची फाईल म्हणूनच नुसत्या आकड्यांवर वाचू नये.

माझं मत फिरलं ते एका रात्री. ३१वा आठवडा, पोटात दुखतंय, दोनदा जुलाब झालेत. केसपेपरवर माझ्याच अक्षरात जी ३, पी १, एल १, ए १. एक मूल घरी खेळतंय म्हणजे काळजीचं काही नाही, असं मीच मनाशी ठरवलं आणि सलाइन लावायला सांगितलं. तासाभराने सासूबाई सहज बोलून गेल्या, ‘‘पयला बी असाच आला होता, आठव्यात. महिनाभर पेटीत ठेवला होता.’’ तपासलं तर पिशवीचं तोंड तीन सेंटिमीटर उघडलेलं. बाळाच्या फुप्फुसांसाठीच्या डेक्सामेथासोन इंजेक्शनचा पहिला डोस तिथेच दिला आणि १०८ने एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) असलेल्या गावी पाठवलं. आधीचं बाळ लवकर झालेलं असेल तर पुढचंही तसं होण्याची शक्यता वाढते, हे मला काही नव्याने शिकायचं नव्हतं. पण पहिल्याचं लवकर येणं त्या ‘पी १’ने पोटात घेतलं होतं. पहिल्या भेटीला ‘दिवस भरले होते का?’ एवढं विचारलं असतं, तर गर्भाशयमुखाची लांबी सोनोग्राफीत आधीच मोजून घेतली असती.

आता कुणी म्हणेल, विचारायचं राहिलं हा दोष डॉक्टरचा, चौकटीचा नव्हे. मान्य. पण घाईत आपण चौकट असते तेवढंच विचारतो, निदान मी तरी.

टीपालची खोड अशी की त्यातला ‘पी’ म्हणजे प्रीटर्म, आणि आपल्या डोक्यातला ‘पी’ म्हणजे पॅरा. त्यातून कुणी अक्षरं गाळून नुसतं ‘०१११’ लिहिलं की रात्रपाळीची सिस्टर तो फोननंबरचा तुकडा समजेल. मी म्हणून अक्षरांऐवजी शब्दच छापून घेतले: ‘दिवस भरून’, ‘दिवसांआधी’. बाहेर पाठवायच्या चिठ्ठीवर मात्र अजून जीपीएलएच लिहितो, खाली एक ओळ जोडून. मोठ्या हॉस्पिटलात, जिथे दहाजण एकच कागद हाताळतात, तिथे रुळलेलं मोडू नये असंही वाटतं.

ती बाई परवा पुन्हा आली, चौथ्या खेपेला. जुन्या पद्धतीने जी ४, पी २, एल २, ए १. वाचून वाटावं, हिचं सगळं सुरळीत आहे. नव्या कागदावर ‘दिवस भरून’च्या चौकटीत शून्य आहे.