एकाच तारखेचं ॲप: घरगुती शिवणकामाच्या ऑर्डरींसाठी जवळपास वर्षभर वापरल्यानंतर

वर्गणी संपत आल्याचा मेसेज आला आणि त्याच्याच खाली ‘आनंदाची बातमी’: आता प्रत्येक कामाला सुरू करायची तारीखही टाकता येणार. फक्त वरच्या योजनेत. म्हणजे जी गोष्ट मी ॲप घेतल्यापासून मागतेय, जिच्यावरून कस्टमर केअरशी माझं चांगलंच वाजलं, ती आली खरी, पण जवळपास दुप्पट पैसे मागत आली. म्हणून हा अनुभव आत्ताच लिहून टाकतेय, राग ताजा आहे तोवर.

ॲपचं नाव देत नाही. या जातीची सगळी ॲप्स थोड्याफार फरकाने सारखीच: कामांची यादी, कॅलेंडर, कार्डं सरकवायचा फळा, आठवण करून देणारी घंटी. फीचर्सची जंत्री ज्याच्या त्याच्या पानावर असतेच, ती इथे उतरवत नाही. माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. घरून पिशव्या, पाऊच, लॅपटॉपची कव्हरं शिवून देते. मशीनवर मी एकटी. कापायला आणि पॅकिंगला घरातलं कुणी सापडलं तर सापडलं. ऑर्डरी मेसेजवर येतात, फोनवर येतात आणि जिन्यात उभ्या उभ्या तोंडीही येतात. वहीत सगळं होतं, पण वही शोधायला लागायची, आणि ॲडव्हान्स कुणाचा आला नि कुणाचा यायचाय हे तीन पानं उलटल्याशिवाय कळायचं नाही. त्यासाठी ॲप घेतलं. वर्षाची वर्गणी एकदम भरली, महिन्यामहिन्याने महाग पडते म्हणून.

आता मुद्द्यावर. या ॲपमध्ये ऑर्डरला एकच तारीख टाकता येते: शेवटची. आणि शिवणाऱ्या माणसाला शेवटच्या तारखेचा उपयोग सगळ्यात कमी.

वीस लॅपटॉप कव्हरांची ऑर्डर घ्या, २० तारखेला गिऱ्हाइकाच्या हातात हवी. म्हणजे कुरिअरला १७ ला गेली पाहिजे. १६ ला धागे कापणं, इस्त्री, पॅकिंग. शिवण १२ ते १५. कापणं ११ ला, आणि ते एका बैठकीत, कारण अस्तर, फोम आणि वरचं कापड असे तीन थर एकाच मापाने बेतावे लागतात. त्याआधी चेन आणि रनर घरात आलेले हवेत, निदान ९ पर्यंत. आणि चेनचा रंग ठरणार कापड ठरल्यावर, म्हणून गिऱ्हाइकाने नमुना पसंत केल्याचं ६ ला कळलं पाहिजे. या सगळ्यात माझ्या दृष्टीने खरी तारीख ६. ती चुकली तर पुढे रात्री जागूनही भरून निघत नाही, कारण चेन रात्री मिळत नाही. आणि ॲप काय करतं? १९ तारखेला सकाळी घंटी वाजवून सांगतं, ‘उद्या तुमचं १ काम आहे!’ उद्गारचिन्हासकट.

कस्टमर केअरला लिहिलं. उत्तर आलं: ‘मॅडम, आपल्या ॲपमध्ये सर्वांत जवळच्या तारखेचं काम आपोआप वर येतं, त्यामुळे वेगळ्या तारखेची गरज भासणार नाही.’ गरज मला भासतेय की नाही हे तेच ठरवणार. तसं जवळच्या तारखेचं काम आधी, हा नियम चुकीचा नाही. जॅक्सन नावाच्या अभ्यासकाने १९५५ मध्ये सिद्ध करून ठेवलंय की एकच मशीन असेल तर या क्रमाने कामं घेतल्यावर सगळ्यात जास्त लांबलेल्या कामाचा उशीर कमीत कमी राहतो. पण त्यात गृहीत असं धरलंय की सगळी कामं आत्ता, या क्षणी हातात घेता येण्याजोगी आहेत. माझी निम्मी कामं कशाची ना कशाची वाट बघत पडलेली असतात. यादीत सगळ्यात वर जे कार्ड झळकतंय त्याची चेनच आलेली नसेल, तर त्या कार्डाकडे बघत बसायचं का? हे असंच्या असं त्यांना लिहून पाठवलं. ‘आपली सूचना संबंधित टीमकडे पाठवली आहे.’ बरं.

मग त्यांनीच तोडगा सुचवला, ऑर्डरच्या पोटात उपकामं करा आणि प्रत्येकाला वेगळी तारीख द्या. केलं. पहिल्या ऑर्डरला छान दिसलं, रंगीबेरंगी. मग गिऱ्हाइकाचा मेसेज, ‘ताई, आमचा कार्यक्रम चार दिवस पुढे गेलाय, सावकाश द्या.’ ऑर्डरची तारीख चार दिवसांनी सरकवली. पोटातली उपकामं जागची हलली नाहीत. सहा तारखा हाताने बदला. फोनवर एकेक तारीख म्हणजे उघडा, महिना शोधा, दिवस दाबा, जतन करा. एवढ्या वेळात दोन पाऊचना चेन लागते. आणि गिऱ्हाइकं तारखा पुढेमागे करणारच, तो त्यांचा हक्कच आहे, निदान ॲडव्हान्स देणाऱ्यांचा.

एवढं झाल्यावर पैसे परत मागितले. नियमात बसत नाही म्हणाले. म्हटलं, भरलेत तर वसूल करू. आणि त्या हट्टापायी ॲपमधली अशी एक गोष्ट हाताला लागली की माझं निम्मं मत बदललं.

फळ्यावर माझे रकाने आहेत: ‘ठरतंय’, ‘सामान येतंय’, ‘कापलं’, ‘शिवणीत’, ‘पॅकिंग’, ‘गेलं’. प्रत्येक रकान्याला मर्यादा घालता येते. सुरुवातीला ॲपनेच ‘शिवणीत’ला तीनची मर्यादा घालून ठेवली होती, आणि चौथं कार्ड टाकलं की अख्खा रकाना लाल व्हायचा. भयंकर राग यायचा. माझ्या घरात मी किती कामं काढायची हे हे कोण सांगणार? ती बंद कशी करायची हे शोधत होते, सापडलं नाही म्हणून तशीच राहिली. पण लाल बघवत नाही म्हणून चौथं काम काढायच्या आधी तिसरं संपवायला लागले. आणि खोलीतला पसारा आटला. एरवी लाल दोरा ओवलेला असताना घाईच्या निळ्या ऑर्डरसाठी दोरा बदला, बॉबिन बदला, सुई बदला, मग परत लाल. हे दिवसातून किती वेळा चालायचं ते मोजलं नव्हतं, कारण मोजण्यासारखं ते काम वाटतच नाही. आता एका रंगाचं सगळं एकदम निघतं. ही कल्पना काही या ॲपवाल्यांची नव्हे. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी कानबान म्हणून जी कार्डांची पद्धत बसवली, तिचंच हे लेकरू: पुढच्याने उचलल्याशिवाय मागच्याने नवीन बनवायचं नाही. कारखान्यासाठी काढलेली रीत एका मशीनच्या खोलीत इतकी चपखल बसेल असं वाटलं नव्हतं.

याच फळ्यावरून दुसरा फायदा झाला, आणि माझ्या मते वर्गणीतले जे काही पैसे वसूल झाले ते इथे. गिऱ्हाईक विचारतं, ‘कधी मिळेल?’ पूर्वी मी तोंडाला येईल ते सांगायचे, साधारण ‘आठ दिवसांत’. आता फळ्यावरची कार्डं मोजते. समजा ‘ठरतंय’ सोडून हातात १२ ऑर्डरी आहेत आणि आठवड्याला सरासरी ४ बाहेर पडतात, तर आज घेतलेली ऑर्डर सरासरी तीन आठवड्यांनी बाहेर पडणार. १२ भागिले ४. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये याची सिद्धता मांडली म्हणून लिटलचा नियम म्हणतात. मी कितीही झपाटून शिवलं तरी, जोवर आठवड्याला ४ च बाहेर पडताहेत तोवर उत्तर तीनच आठवडे. अर्थात ही सरासरी आहे, एखादी ऑर्डर मध्येच घुसवली की बाकीच्या मागे सरकणार. पण ‘तीन आठवडे लागतील’ असं ठामपणे सांगितल्यावर गिऱ्हाइकं पळतात हा समज मात्र खोटा निघाला. जी पळाली ती तशीही ॲडव्हान्स देणारी नव्हती.

वेळ मोजायचं घड्याळही आहे ॲपमध्ये. त्यातलं पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांतीवालं पोमोडोरो मी एका दुपारीच बंद केलं. अर्धी शिवण मारलेली असताना मशीनवरून उठायला सांगणारं घड्याळ लेखनिकांना लखलाभ. पण ‘अंदाज’ आणि ‘प्रत्यक्ष’ असे दोन रकाने आहेत, ते भरत जा. माझ्या आकड्यांतून कळलं की शिवणीचा अंदाज बऱ्यापैकी जुळतो. वेळ खातात ते नमुन्याचे फोटो, रंगावरचे मेसेज, हिशोब आणि पत्ते लिहिणं, म्हणजे ज्यांना मी काम म्हणून धरतच नव्हते ते सगळं. अंदाज कमी पडणं हा मनुष्यस्वभावच आहे म्हणे. १९९४ च्या एका अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी संपेल ते विचारलं होतं: त्यांचा सरासरी अंदाज ३३.९ दिवस, प्रत्यक्षात लागले ५५.५. आणि ‘सगळंच बिघडलं तर?’ असं विचारल्यावर त्यांनी सांगितलेला आकडा होता ४८.६. म्हणजे सगळं बिघडल्याचा हिशोबही तोकडाच पडला. म्हणून मी आता ‘प्रत्यक्ष’ रकान्यातला जुना आकडा बघते आणि तोच पुढच्या ऑर्डरला लावते, स्वतःच्या मनाला विचारत नाही.

आता मात्र गंमत ऐका. इथवर लिहून झाल्यावर वाटलं, वर्गणी चालू आहे तोवर सगळा डेटा उतरवून घ्यावा. एक्सपोर्ट दाबलं, सीएसव्ही फाइल (म्हणजे साध्या मजकुरातला तक्ता) आली, एक्सेलमध्ये उघडली तर गिऱ्हाइकांच्या नावांच्या जागी à¤ असली चिन्हं, ओळीच्या ओळी. घाबरू नका, डेटा शाबूत असतो. फाइल यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत असते, पण तसं सांगणारी खूण तिच्या सुरुवातीला नसली की एक्सेल भलतीच लिपी समजून वाचतं. थेट डबल-क्लिक करू नका. कोरी शीट उघडा, ‘डेटा’मधून ‘टेक्स्ट किंवा सीएसव्ही’ने फाइल आत घ्या आणि लिपीच्या जागी (‘फाइल ओरिजिन’मध्ये) ६५००१ युनिकोड निवडा. देवनागरी जशीच्या तशी दिसते.

तर तशी ती दिसली, आणि रकाने बघतेय तर काय: नाव, फोन, रकाना, अंतिम तारीख, आणि तिच्या शेजारी ‘सुरुवात’. प्रत्येक ओळीत रिकामा. पार माझ्या पहिल्या ऑर्डरपासून! म्हणजे ही तारीख ठेवायची जागा त्यांच्याकडे पहिल्यापासून होती. फक्त मला दिसणारं खोकं नव्हतं. टीमकडे पाठवलेल्या सूचनेवर टीमने काय केलं? किंमत ठरवली.

मग त्याच शीटमध्ये मीच तो रकाना भरला. वर्कडे (WORKDAY) नावाचं सूत्र असतं, एक्सेलमध्ये आहे, फुकटच्या लिबरऑफिसमध्येही आहे. त्याला अंतिम तारीख द्या आणि दिवसांचा आकडा उणे करून द्या, ते सुट्ट्या वगळून मागची तारीख काढून देतं. एकच सांभाळा, साधं वर्कडे शनिवार-रविवार दोन्ही सुट्टी धरतं; आपल्यासारख्यांना ते परवडत नाही, म्हणून वर्कडे-डॉट-इंटल (WORKDAY.INTL) वापरा, त्यात सुट्टीचा वार आपण निवडतो. प्रत्येक टप्प्यासाठी एक रकाना केला: नमुना, सामान, कापणं, शिवण, पॅकिंग. अंतिम तारीख बदलली की पाचही आपसूक सरकतात. सगळं उभं करायला एका दुपारचा काही भाग गेला आणि खर्च शून्य. दर रविवारी रात्री ‘नमुना’ रकान्याने क्रम लावते, वरच्या ओळींना मेसेज करते: ‘दादा, कापड ठरलं का? बुधवारपर्यंत सांगा, नाहीतर तारीख पुढे जाईल.’ लोक सांगतात.

घंटीबद्दल दोन शब्द: सगळ्या सूचना बंद करा, फक्त पैसे येणं-बाकीची ठेवा. ती चांगली आहे, आणि तारखेवर चालत नसल्यामुळे बिघडतही नाही.

घ्यावं का? ऑर्डर आली की त्याच दिवशी शिवायला बसता येत असेल, सामान कायम घरात असेल, तर जरूर घ्या, फळ्यासाठी तरी. माझ्यासारखं सामानाची आणि लोकांच्या होकाराची वाट बघत चालणारं काम असेल तर फुकटच्या योजनेत फळा तेवढा वापरा (कार्डांना मर्यादा आहे, पण ‘गेलं’मधली कार्डं पुसत राहिलं की पुरतो) आणि तारखा शीटमध्ये ठेवा. मी वर्गणी पुढे चालू ठेवत नाहीये. पाचपैकी तीन तारे, तिन्ही त्या लाल होणाऱ्या रकान्याचे. ‘सुरुवात’ साध्या योजनेत दिली तर चौथा देईन. पाचवा तारखा एकत्र सरकायला लागल्यावर बघू.