सह्याद्रीतल्या ट्रेकर्ससाठी बिनमालाचं ऑनलाइन दुकान: एक पावसाळा आणि एक हिवाळा चालवल्यानंतर

माझ्या दुकानात सॅक, पोंचो, हेडटॉर्च, बूट, कॅरिमॅट सगळं दिसतं, पण घरात विकायला म्हणून यातलं काहीही ठेवलेलं नाही. ग्राहक ‘किंमत पाहा’ हे बटण दाबतो, ॲमेझॉनवर जातो, तिथे खरेदी करतो आणि त्यावरचं कमिशन मला मिळतं. वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर वूकॉमर्स हे दुकानाचं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) बसवलं की नवी वस्तू भरताना तिचा प्रकार निवडायचा असतो. त्यात ‘एक्स्टर्नल/अफिलिएट’, म्हणजे दुसऱ्या साइटवर विकली जाणारी वस्तू, हा पर्याय आयताच आहे. लिंक टाकायची, बटणावरचा मजकूर लिहायचा, झालं. पेमेंट गेटवे लागत नाही, कुरिअरवाल्याची वाट पाहावी लागत नाही, ‘साइझ बदलून द्या’ म्हणून फोन येत नाहीत. खर्च डोमेन आणि होस्टिंगचा. ही बाजू पहिल्यापासून सुरळीत चालली आहे, त्यामुळे तिच्याबद्दल एवढंच.

वस्तू आपली नाही, किंमत आपण ठरवत नाही, पोचवणाराही दुसराच. मग वाचकाने आपल्या पानावर यावं कशाला? ‘हे घेऊ की ते?’ याचं सरळ उत्तर मिळावं म्हणून. म्हणून वस्तू मोजक्याच ठेवल्या आणि प्रत्येकीवर सविस्तर लिहिलं.

पावसाळी बुटांचं पान सगळ्यात जास्त वाचलं जातं. जुलैमध्ये राजगड किंवा हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर शेवाळलेला, ओला कातळ असतो. तिथे तळव्याचं रबर कातळाला धरतं का, हे सगळ्यात आधी बघायचं. वॉटरप्रूफ अस्तराचा आपल्या पावसात उलट त्रासच होतो: ओढा ओलांडताना पाणी वरून आत शिरतं आणि मग बाहेर पडायला जागाच नसते. आपल्याकडचे ट्रेकर वर्षानुवर्षं ॲक्शन कंपनीचे साधे ट्रेकिंग शूज घालतात ते पकडीसाठी. हिमालयातल्या बर्फासाठी बनवलेला जड, महागडा बूट सह्याद्रीत पावसाळाभर घालायची गरज नाही, असं मी त्या पानावर स्पष्ट लिहिलं आहे.

कमिशनचं गणित नेमकं याच्या उलट दिशेला ओढतं. टक्केवारी एकच असेल तर हजाराच्या बुटापेक्षा आठ हजारांच्या बुटावर आठपट पैसे मिळतात, आणि लिहायची मेहनत तेवढीच. हा धंदा करणाऱ्या प्रत्येकासमोर हा प्रश्न रोज असतो. माझं ठाम मत आहे की स्वस्त आणि पुरेशी वस्तू पानावर पहिली ठेवता येत नसेल, तर हे दुकान काढूच नये. बूट स्वस्तातला घ्या म्हणून सांगितलं, की तोच वाचक हेडटॉर्च आणि ड्राय बॅग बघायला परत येतो. माझी जी काही कमाई आहे ती बहुतेक अशा परत आलेल्या लोकांकडून आहे.

ॲमेझॉन असोसिएट्सचे, म्हणजे हे कमिशन देणाऱ्या ॲमेझॉनच्या योजनेचे, नियम मात्र नीट वाचूनच शिरा. लिंकवर टिचकी मारल्यापासून २४ तासांत खरेदी झाली तरच ती आपल्या नावावर धरतात. त्या वेळात वस्तू कार्टमध्ये गेली असेल तर मुदत बरीच लांबते. नोंदणीनंतर १८० दिवसांत ३ विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी खरेदी चालत नाही. पीडीएफमध्ये लिंक द्यायची नाही. किंमत हाताने टाइप करून ठेवायची नाही, म्हणून तर माझ्या बटणावर आकडा नसतो.

या २४ तासांचा परिणाम मला चालवता चालवताच कळला. बूट घ्यायला माणूस पंधरा दिवस विचार करतो, घरच्यांना विचारतो, दुकानात जाऊन घालून बघतो. तोवर मुदत गेलेली असते. पोंचो, हेडटॉर्च, सॅकचं रेन कव्हर या गोष्टी लोक ट्रेक ठरला की लगेच मागवतात. त्यामुळे सर्वांत जास्त वाचलं जाणारं पान कमाईत मागे आणि हेडटॉर्चचं छोटंसं पान पुढे, असं चित्र आहे. हेडटॉर्चच्या पानावर आयपीएक्स४ आणि आयपीएक्स७ या पाण्यापासूनच्या संरक्षणाच्या दर्जांतला फरक सांगितला आहे: पहिला उडणाऱ्या पाण्यापासून वाचवतो, दुसरा एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. निवड करायला एवढं पुरतं.

दोर, हार्नेस आणि रॅपलिंगचे (दोरावरून कडा उतरायचे) कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कड्या, मी ठेवलेले नाहीत आणि ठेवणारही नाही. चढाईच्या कॅराबिनरवर त्याची ताकद किलोन्यूटनमध्ये कोरलेली असते, युरोपीय मानकाचा क्रमांक असतो. ऑनलाइन फोटोत तसाच दिसणारा, किल्ल्या अडकवायच्या लायकीचा तुकडाही मिळतो. जी वस्तू मी हातात घेऊन तपासलेली नाही आणि जिच्यावर कुणाचा जीव टांगला जाणार आहे, तिच्यावर कमिशन घेणं मला पटत नाही. विचारणारे बरेच असतात. त्यांना मी ट्रेकिंग क्लबमधल्या अनुभवी माणसाला सोबत घेऊन दुकानात जायला सांगते.

माल आपल्या ताब्यात नसल्याचा खरा धोका पावसाळ्याच्या मध्यावर दिसला. एका विक्रेत्याने पोंचोचं पान, फोटो, नाव तेच ठेवून कापड पातळ केलं. एका वाचकाने शिवणीचा फोटो पाठवला तेव्हा ते समजलं. कुठूनही सूचना येत नाही. तो पोंचो काढून टाकला, आणि तेव्हापासून दर महिन्याला प्रत्येक वस्तूची ताजी, कमी तारे दिलेली मतं आधी वाचते. बंद पडलेल्या लिंक शोधणारं प्लगइन आहे, पण बदललेलं कापड त्याला दिसत नाही.

पैशांबद्दल. वस्तू परत गेली की कमिशनही जातं. उरलेलं कमिशन महिना संपल्यानंतर साधारण ६० दिवसांनी मिळतं, म्हणजे जुलैची कमाई सप्टेंबर संपता संपता. कमिशनवरचा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा आयकर, १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्क्यांवर आला, हे लहान माणसाच्या सोयीचं झालं. माझ्या बाबतीत होस्टिंग निघून वर्षभराचा ट्रेकचा प्रवासखर्च भागतो. नोकरी सोडण्याइतकं हे उत्पन्न नाही.

प्रत्येक पानावर, बटणाच्या वर, ‘या लिंकवरून खरेदी केल्यास मला कमिशन मिळतं’ ही ओळ ठळक मराठीत आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवर वस्तूंची शिफारस करणाऱ्यांसाठी जी मार्गदर्शक सूत्रं काढली, त्यांत असा आर्थिक संबंध उघड सांगायला सांगितलंच आहे. त्या ओळीमुळे कुणी पळून गेल्याचं मला तरी जाणवलं नाही; उलट ‘तुमच्याच लिंकवरून घेतो’ असं सांगणारे भेटले.

सुरुवात करायची असेल तर मार्चपासून पानं लिहायला घ्या, म्हणजे पावसाआधी ती गूगलवर सापडू लागतील. नोंदणी मात्र मे महिन्यात करा. १८० दिवस नोंदणीपासून मोजतात, आणि ट्रेकच्या सामानाची बहुतेक विक्री जून ते सप्टेंबरमध्ये होते.