मामाला ॲडमिट केलं होतं, मिरज: चार स्टार, एक कापलाय लिफ्टसाठी

हॉस्पिटलचं नाव वर पेजला आहेच म्हणून परत लिहीत नाही. दारू सोडवायला पेशंट नेणाऱ्यांसाठी लिहितोय.

मामाची रोजची दारू वीसेक वर्षांची. आधी संध्याकाळी नाइंटी, मग क्वार्टर, आणि शेवटी शेवटी हात थरथरतात म्हणून सकाळच्या चहाआधीच. घरात सगळ्यांचं लक्ष लिव्हरवर, सोनोग्राफी बरी आली की मामी निम्मी निवांत. इथल्या डॉक्टरांनी रिपोर्टची फाईल बाजूला ठेवली आणि आधी पाय बघितले. ट्युनिंग फोर्क वाजवून अंगठ्यावर टेकवला, "कंप जाणवतोय का काका?" नाही. घोट्यावर? नाही. नडगीवर गेल्यावर मामा म्हणाला, हां आता. पायातली चप्पल निसटली तरी त्याला कळायचं नाही आणि आम्ही शुगर शुगर करत बसलेलो, ती तर नॉर्मल, पायाच्या नसा दारूनं गेलेल्या. मग टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालायला लावलं, दुसऱ्याच पावलाला झोकांडी, आणि त्या दिवशी तो प्यायलेलाही नव्हता. तोल सांभाळणारा लहान मेंदू दारूनं झिजतो म्हणे.

सगळ्यात आवडलं ते सलाईनचं. आधीच्या एका नर्सिंग होममध्ये (नाव घेत नाही) अशक्तपणा म्हणून थेट ग्लुकोजची बाटली लावलेली. इथं पहिल्यांदा थायमिन, म्हणजे बी-१, शिरेतून, ग्लुकोज त्याच्यानंतरच. कारण पण समजावून सांगितलं. शरीरात थायमिनचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा, पिणारा माणूस नीट जेवत नाही आणि जे खातो त्यातलं दारू शोषून घेऊ देत नाही, त्यात ग्लुकोज गेलं की उरलंसुरलं पण संपतं आणि मेंदूला इजा होते. डोळ्यांची हालचाल बिघडते, तोल जातो, माणूस बरळायला लागतो. तिन्ही एकदम दिसतीलच असं नाही, म्हणून वाट न बघता इंजेक्शन देतात. याला वेर्निके म्हणतात, १८८१ पासून माहीत असलेला आजार आहे, तरी गावाकडं कुणी बोलत नाही.

दुसरं, घरी एकदम बंद करू नका. दारू मेंदूला रोज दाबून ठेवते, मेंदू त्याच्यावर मात करायला स्वतःला चेतवत राहतो आणि दाब अचानक निघाला की सगळं उसळतं. शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, साधारण दोन ते चार दिवसांत भ्रम, जिवावर बेतू शकतं. मामा रात्रभर चादरीवरचे नसलेले किडे वेचत होता. सिस्टरनी लाईट चालू ठेवली, दर थोड्या वेळानं "काका, आज वार कोणता?" विचारायच्या, अजिबात चिडचिड नाही, हॅट्स ऑफ.

मामीनं हळूच विचारलं की जेवणात न सांगता मिसळायची गोळी द्या ना. डॉक्टरांनी साफ नकार दिला. ती पोटात असताना माणूस प्याला तर बीपी कोसळतं, माहीत नसताना देणं म्हणजे खेळ नव्हे. पेपरातल्या जाहिरातींच्या पावडरी घेणाऱ्यांनी हे वाचा.

आता मामा काठीशिवाय चालतो, पायाच्या मुंग्या थोड्या कमी आहेत, नसांना वेळ लागतोच. आठवणीचं मात्र अवघड आहे. ८३ च्या वर्ल्ड कपमधले कपिलचे १७५ रन चेंडू न् चेंडू सांगेल, सकाळी पोहे खाल्ले की उपमा ते नाही. वर विचारलं तर ठोकून देतो, काल पंढरपूरला जाऊन आलो म्हणून. खोटं बोलत नाही तो, रिकामी जागा मेंदूच भरतो. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलेलं की हे पूर्ण भरून येईल असं समजू नका, गोड बोलून पैसे काढले नाहीत.

आता तक्रार. तोल गेलेल्या पेशंटांची फिजिओथेरपी पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही! जिन्याला कठडा एकाच बाजूला. रोज दोघं जण धरून चढवायचो. बिलाला पण उगाच तासभर बसवतात. जेवण ठीक, भाकरी मागितली तर मिळते. जाताना आधीच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या आणि शेवटची दारू कधी घेतली ती वेळ लिहून न्या, आल्या आल्या तेच विचारतात.