मराठी मेलचा फॉन्ट कोणाच्या हातात? जीमेल, आउटलुक, ॲपल मेल, थंडरबर्ड

जीमेलच्या कम्पोज खिडकीत खालच्या पट्टीवर फॉन्टची यादी उघडली की अकरा नावं दिसतात. सान्स सेरिफ, सेरिफ, फिक्स्ड विड्थ, वाइड, नॅरो, कॉमिक सान्स, गॅरामाँड, जॉर्जिया, टहोमा, ट्रेबुशे, व्हर्डाना. यांत एकही नाव देवनागरी फॉन्टचं नाही. मराठी मजकूर निवडून जॉर्जिया केलं तरी ‘क’ होता तसाच राहतो. बदलतात ते मधले इंग्रजी शब्द आणि इंग्रजी अंक. त्यात जॉर्जियाचे इंग्रजी अंक जुन्या वळणाचे, म्हणजे तीन, चार, पाच, सात आणि नऊ हे ओळीखाली लोंबतात. कोटेशनमधली रक्कम मग मराठी ओळीत उड्या मारत जाते आणि पाठवणाऱ्याला कळत नाही की पत्र बेंगरूळ का दिसतंय.

याचं कारण साधं आहे. मेलबरोबर फॉन्ट जात नाही, फॉन्टचं नाव जातं. त्या नावाचा फॉन्ट समोरच्याच्या यंत्रात असेल आणि त्यात ते अक्षर असेल तर तो वापरला जातो, नाहीतर यंत्र स्वतःजवळचा काढतं. विंडोज ८ पासून पुढे बहुधा निर्मला यूआय, जुन्या यंत्रांवर मंगल, आयफोन-मॅकवर बहुधा कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर बहुतेक नोटो सान्स देवनागरी. एकच मराठी मेल तीन घरी तीन चेहऱ्यांनी पोचतो. त्यामुळे इथे चार प्रोग्रॅम तोलताना ‘कोणाकडे फॉन्ट जास्त’ हा निकष उपयोगाचा नाही. पाठवताना कोण कमी घोळ घालतो, हे बघायचं.

जीमेल या कसोटीवर बरा उतरतो. यादी तोकडी असल्यामुळे फार बिघडवता येत नाही, एवढंच त्याचं श्रेय. घोळ होतो तो चिकटवताना. गूगल डॉक्समध्ये ‘मुक्त’ नावाच्या फॉन्टमध्ये सजवलेला मजकूर उचलून जीमेलमध्ये टाकला, तर ‘मुक्त’ हे नाव मेलमध्ये बसतं. आपल्या संगणकावर तो फॉन्ट घातलेला असेल तर आपल्याला सगळं झकास दिसतं. समोर जीमेलच उघडलं तरी ते वेब फॉन्ट, म्हणजे नेटवरून येणारा फॉन्ट, उतरवून घेत नाही, त्यामुळे तिकडे निर्मला किंवा नोटोच दिसणार. वर्डमधून चिकटवलेल्या मजकुराचं आणखी वाईट. प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र फॉन्ट, माप आणि ओळीचं अंतर चिकटून येतं. परिच्छेदाचा एक शब्द बारीक आणि पुढचा जाड दिसला की समजावं, हे वर्डचं सामान आहे. उपाय म्हणजे चिकटवताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरायचं. आधीच चिकटवून बसला असाल तर सगळा मजकूर निवडून पट्टीवरचं रिमूव्ह फॉर्मॅटिंग दाबा, किंवा कंट्रोलबरोबर उलटी तिरकी रेघ.

नेहमीचं माप सेटिंग्ज, जनरल, डिफॉल्ट टेक्स्ट स्टाइल इथे ठरतं. मराठीसाठी फॉन्ट ‘सान्स सेरिफ’ राहू द्या. माप ‘नॉर्मल’ पुरतं. ‘लार्ज’ फक्त वयस्कर वाचकांसाठी. सही वेगळ्या चौकटीत बनते, तिला हे माप लागू होत नाही; सहीतला मोबाइल नंबर वेगळ्याच अक्षरात दिसतो तो यामुळे.

विंडोजवरच्या जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकवर जरा जास्त वेळ द्यायला हवा, कारण कचेऱ्यांमध्ये तोच आहे आणि सगळ्यात चिवट अडचणीही त्याच्याच. २००७ च्या आवृत्तीपासून हा मेल दाखवायला वर्डचं यंत्र वापरतो. वर्ड रोमन लिपी आणि मराठीसारख्या लिप्या यांचा हिशोब दोन खात्यांत ठेवतो. फाइल, ऑप्शन्स, मेल, स्टेशनरी अँड फॉन्ट्स, मग ‘न्यू मेल मेसेजेस’खालचं फॉन्ट हे बटण. उघडलेल्या खिडकीत ‘लॅटिन टेक्स्ट’ आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असे दोन भाग दिसतात. वरच्या भागात माप १४ केलं तरी मराठी आपल्या जुन्याच मापात बसून राहते, कारण तिचं माप खालच्या भागात आहे. ‘फॉन्ट बदलला पण मराठीवर काही परिणाम होत नाही’ या तक्रारीमागे बहुतेकदा हेच निघतं. खालचा भाग दिसतच नसेल तर आधी फाइल, ऑप्शन्स, लँग्वेज इथे मराठी भाषा जोडा आणि आउटलुक बंद करून परत उघडा. उत्तरं आणि फॉरवर्ड यांचं बटण वेगळं आहे, तिथेही तेच करावं लागतं.

कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्समध्ये मंगल असेल तर काढून निर्मला यूआय ठेवा. मंगल विंडोज २००० पासूनचा, त्याच्या काळात पडद्यांवर चालून गेला. आता तो बारीक मापात किरटा दिसतो, आणि विंडोज १० पासून तो मूळ संचात नसून देवनागरीच्या पुरवणी फॉन्टमध्ये गेला आहे. कोकिला, उत्साह, अपराजिता यांचंही तेच. म्हणजे विंडोजवाल्याकडेसुद्धा ते असतीलच असं नाही. रोमन भागात हल्ली ॲप्टॉस आपोआप असतो. तो नव्या ऑफिसबरोबर येतो, समोरच्याकडे नसला तर इंग्रजी शब्दांना भलताच फॉन्ट लागतो. तिथेही निर्मला यूआय दिलात तर तिची रोमन अक्षरं आणि अंक मराठीशी जुळून येतात. दिसायला फार देखणी नाही, पण एका घरातली वाटतात.

आणखी एक: मेलचं स्वरूप ‘रिच टेक्स्ट’ ठेवू नका, एचटीएमएल, म्हणजे वेबपानांचं स्वरूप, ठेवा. रिच टेक्स्ट मेल आउटलुकबाहेर गेला की सजावट गळते आणि सोबत विनमेल डॉट डॅट नावाची न उघडणारी फाइल जोडली जाते.

ॲपल मेलबद्दल कायम ओरड असते की सेटिंग्जमधल्या ‘फॉन्ट्स अँड कलर्स’मध्ये निवडलेला फॉन्ट समोरच्याला दिसत नाही. खरं आहे. ती निवड फक्त आपल्या डोळ्यांसाठी असते, पाठवलेल्या मेलमध्ये फॉन्टचं नावच जात नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हा दोष वाटतो, कारण विंडोजवरच्या आउटलुकमध्ये त्याचं पत्र टाइम्स न्यू रोमनमध्ये उघडतं. मराठीत मात्र हे सोयीचं पडतं. नाव गेलंच नाही तर प्रत्येक यंत्र आपला चांगला देवनागरी फॉन्ट लावतं, आणि बहुतेक वेळा तेच हवं असतं. मॅकवर आयटीएफ देवनागरी या फॉन्टचा मराठी वळणाचा वेगळा प्रकार आहे, ‘ल’ आणि ‘श’ आपल्या पद्धतीचे. तो निवडून लिहिण्याचा मोह होतो. मॅकवाल्यांच्या आपापसातल्या पत्रव्यवहारात खुशाल लिहा, विंडोजवाल्याला तो दिसायचा नाही.

थंडरबर्ड पाठवण्यापेक्षा वाचायला चांगला. लिहिताना ‘व्हेरिएबल विड्थ’ ठेवलं की नाव जात नाही. वाचताना सेटिंग्ज, जनरल, लँग्वेज अँड अपिअरन्स, ॲडव्हान्स्ड इथे ‘फॉन्ट्स फॉर’मध्ये देवनागरी निवडून आपला फॉन्ट आणि किमान माप ठरवता येतं. मेसेजेसना इतर फॉन्ट वापरू देणारी खूण काढली की पाठवणाऱ्याची सगळी कारागिरी संपली. चौघांत वाचकाला एवढी मोकळीक हाच देतो.

मासिक वार्तापत्र किंवा संस्थेचं निमंत्रण एचटीएमएल साच्यात पाठवणाऱ्यांसाठी हिशोब वेगळा. साच्यातल्या फॉन्टच्या नावांच्या रांगेत निर्मला यूआय पहिली ठेवा, मग कोहिनूर देवनागरी, नोटो सान्स देवनागरी, मंगल आणि शेवटी सान्स-सेरिफ. निर्मला पहिली अशासाठी की क्लासिक आउटलुकला पहिलं नाव सापडलं नाही तर तो पुढची रांग न बघता टाइम्सवर घसरू शकतो. बाकीचे प्रोग्रॅम न सापडलेलं नाव सोडून पुढे जातात. मुक्त किंवा बलू हा वेब फॉन्ट हवाच असेल तर तो ॲपल मेलमध्ये उतरतो. त्याची जोडणी आणि त्याचं नाव दोन्ही साच्याच्या कोडमध्ये ‘मीडिया स्क्रीन’च्या (@media screen) कंसात ठेवा, म्हणजे आउटलुक तिकडे बघणार नाही.

इंग्रजीसाठी बनलेले तयार साचे मराठीला तीन ठिकाणी दगा देतात. शीर्षकांना लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, एक-दोन पिक्सेल दिलेलं असतं, त्याने शिरोरेघ अक्षराअक्षराला तुटते आणि शब्द दाढा पडल्यासारखा दिसतो. ते शून्य करा. ओळीची उंची घट्ट असते, त्यात वरचा रफार आणि खालचा उकार कापला जातो. अक्षर १६ पिक्सेल तर उंची किमान दीडपट, २४ ते २६. तिसरं तिरपं अक्षर. यंत्र उभ्या देवनागरीलाच ढकलून तिरपं करतं. जोर द्यायचा तर ठळक करा.

आता श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव या जुन्या मंडळींबद्दल. यांत कागदावर मराठी दिसते, आत साठवलेली असतात रोमन अक्षरं. कृतिदेवमध्ये लिहिलेला ‘मराठी’ हा शब्द तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ई, जे, के, बी, एच अशी पाच अक्षरं होऊन उघडतो. मेलमध्ये हे चिकटवूच नका, आधी युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना समजणारी खरी देवनागरी, करून घ्या. रूपांतर झाल्यावर सगळ्यात आधी अर्धा ‘ऱ’ तपासा. परिवर्तक तो बऱ्याचदा रफारात ढकलतो, आणि ‘आचाऱ्यांना मानधन द्यावे’चं ‘आचार्यांना मानधन द्यावे’ होतं. स्वयंपाक्यांचे पैसे गुरुजींना. कोणत्याही फॉन्टने हे दुरुस्त होत नाही.

हुबेहूब तसंच दिसायला हवं असेल, म्हणजे मानपत्र, लेटरहेडवरचं पत्र किंवा लग्नपत्रिका, तर पीडीएफ जोडा. त्यात फॉन्ट आतच बसतो. सगळा मजकूर चित्र करून मेलमध्ये टाकण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण अनेक ठिकाणी चित्रं परवानगीशिवाय उघडत नाहीत आणि चित्रातली तारीख शोधून सापडत नाही. तारीख, वेळ आणि पत्ता मात्र मेलच्या अंगातही साध्या अक्षरांत लिहा.

पाठवण्याआधी एक ओळ स्वतःलाच पाठवून बघावी: ‘आचाऱ्यांना रोख द्या, ऱ्हस्व, दृष्टी, लक्ष, शेवट, सर्वांशी’, आणि तिच्या शेवटी एखादी इंग्रजी अंकांतली रक्कम. एकदा फोनवर, एकदा कचेरीतल्या आउटलुकमध्ये, एकदा क्रोममधल्या जीमेलमध्ये. क्रोममध्ये त्या ओळीवर उजवी टिचकी देऊन इन्स्पेक्ट, मग कम्प्युटेड उघडलं की तळाशी ‘रेंडर्ड फॉन्ट्स’ दिसतात. तिथे दोन नावं आली तर मराठीला एक आणि अंकांना दुसरा फॉन्ट लागला आहे.