चार छोटे ग्लास की एक मोठा?

पहिल्यांदा ब्रुअरीत, म्हणजे बिअर बनवतात तिथे, गेलेला माणूस काउंटरमागच्या पाटीपाशीच अडतो. आठ-दहा नळ, प्रत्येकावर वेगळं नाव, आणि पलीकडून प्रश्न येतो: फ्लाइट देऊ की ग्लास? फ्लाइट म्हणजे फळीवर ओळीनं मांडलेले चार-पाच छोटे ग्लास, प्रत्येकात साधारण १०० ते १५० मिली. ग्लास म्हणजे एकाच बिअरचे ३३० किंवा ५०० मिली. नवखे बहुतेक फ्लाइट मागतात. थोडं थोडं सगळंच बघू, हा हिशेब. मीही बरीच वर्षं डोळे मिटून फ्लाइटच घ्यायचो. आता आधी विचार करतो.

फ्लाइटची खरी ताकद चार चवी मिळण्यात नाही, त्या शेजारी-शेजारी मिळण्यात आहे. नुसती पेल एल, म्हणजे फिकट, कडसर बिअर, प्यायलात तर ‘कडवट आहे’ इतकंच म्हणाल. तिच्या बाजूला पिल्सनर ठेवा आणि आलटूनपालटून एकेक घोट घ्या. कडूपणाही दोन तऱ्हेचा असतो हे लगेच कळतं. एक जिभेवर चमकून जातो, दुसरा घशाशी रेंगाळतो. गव्हाच्या बिअरचंही तसंच. जर्मन धाटणीच्या गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण त्यात ना केळं पडलेलं असतं ना लवंग. ती सगळी यीस्टची, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवाची, करामत. बिअरची दोन मोठी घराणी, एल आणि लागर; पिल्सनर ही लागरच. एलचं यीस्ट साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअसला आंबवतं आणि आपला वास मागे ठेवून जातं. लागरचं यीस्ट ७ ते १३ अंशांत, सावकाश काम करतं आणि स्वतःची फारशी खूण ठेवत नाही. हे दहा वेळा वाचूनही डोक्यात बसत नाही. दोन ग्लास एकामागून एक हुंगले की बसतं.

दोष पकडायलाही फ्लाइट बरी. वितळलेल्या लोण्यासारखा वास आला तर तो डायअसिटिल नावाच्या द्रव्याचा, हिरव्या सफरचंदासारखा आला तर अॅसिटाल्डिहाइडचा. दुसरा बहुधा बिअर पुरती तयार न होताच नळाला लावल्याची खूण असते. लोण्याचा वास एकाच ग्लासात असेल तर ती खेप बिघडलेली असू शकते. फळीवरच्या चारही ग्लासांना तोच वास असेल तर मला नळांच्या नळ्या वेळेवर धुतल्या जात नसल्याचा संशय येतो. एकच मोठा ग्लास घेणाऱ्याला हा फरक कळायला वाव नाही.

इथवर फ्लाइटचं पारडं जड. पण छोटा नमुना फसवतो, आणि तो कायम एकाच दिशेनं फसवतो. दोन घोटांत गोड, दाट, भडक वासाची बिअर बाजी मारते आणि साधी लागर पाणचट वाटते. मोठा ग्लास घेतला की अर्ध्यावर चित्र उलटतं. गोडी ओठांना चिकटायला लागते, भडक वासाचा कंटाळा येतो. लागर मात्र पहिल्या घोटाला होती तशीच राहते आणि पुढचा घोट घ्यावासा वाटतो. तो पुढचा घोट हाच तिचा गुण, आणि १०० मिलीत तो दिसायच्या आधी ग्लास संपतो. १८४२ मध्ये बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) प्ल्झेन गावात योसेफ ग्रोल या ब्रुअरनं जी सोनेरी बिअर, म्हणजे पहिली पिल्सनर, केली, तिच्या वंशातल्या कुठल्याही बिअरला फळीवर न्याय मिळत नाही. हॉप्सच्या (बिअरला कडूपणा आणि वास देणारी बोंडं) माऱ्याआड किंवा भाजलेल्या माल्टआड (मोड आणून वाळवलेलं धान्य) लपायची सोय नसल्यानं ब्रुअरचा हात खरा पिल्सनरमध्येच कळतो. म्हणजे ज्या बिअरवरून ब्रुअरी जोखावी, तिलाच फ्लाइटमध्ये सगळ्यात कमी गुण पडतात!

वर तापमानाचा घोळ. चारही ग्लास एकदम भरून येतात. लागर ४ ते ७ अंशांना छान लागते, दाट, काळी स्टाउट १० ते १२ ला खुलते. गप्पा मारत चौथ्या ग्लासाशी पोचेपर्यंत अर्धा तास जातो आणि त्यातला फेस केव्हाच बसलेला असतो. स्टाउटला या उशिराचा फायदा होतो, लागरचं मातेरं होतं. म्हणून हलकी, फिकट बिअर आधी, मग कडू, मग दाट आणि कडक. एकदा मी हौसेनं दहा टक्के अल्कोहोलच्या स्टाउटपासून सुरुवात केली. नंतरच्या तिन्ही बिअर मला सारख्याच लागल्या आणि दोष मी ब्रुअरीला दिला. चूक सरळसरळ माझी होती.

‘छोटे ग्लास म्हणजे कमी पिणं’ हा समज तर आकडेमोडीत टिकत नाही. १२० मिलीचे चार ग्लास, ताकद ४.५, ५, ६.५ आणि ९ टक्के धरा. एकूण ३० मिली शुद्ध अल्कोहोल, म्हणजे जवळपास २४ ग्रॅम. पाच टक्क्यांच्या ३३० मिली ग्लासात साडेसोळा मिली, म्हणजे १३ ग्रॅम. छोट्या ग्लासांची फळी मोठ्या ग्लासाच्या पावणेदोन पटीहून जास्त भरली. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निकाली काढतं. परतताना गाडी ज्याच्या हाती आहे त्यानं यातलं काहीच घेऊ नये, त्याला हुंगायला मनाई नाही.

आत फिरवून दाखवतात ती टूर घ्यावी का? ब्रुअर स्वतः दाखवत असेल तर जरूर, आणि चाखायच्या आधीच. भाजलेल्या माल्टचे चार दाणे चावून बघा, हॉप्सची बोंडं तळहातावर चुरडून हुंगा. मग ग्लासातला कुठला वास कुठून आला हे सांगावं लागत नाही. दाणे चाखायला देत नसतील तर पोलादी टाक्या इथून तिथून सारख्याच दिसतात.

आता निवड. आपल्याला काय आवडतं हे माहीत असेल तर सरळ मोठा ग्लास घ्या, तोही शक्यतो लागर किंवा पिल्सनरचा. दोघं असाल तर दोन वेगळे ग्लास घेऊन अर्ध्यावर अदलाबदल करा, फ्लाइटची निम्मी मजा तशीच मिळते. पहिलीच खेप असेल तर फ्लाइट घ्या, पण पाच नको, तीनच ग्लास. आठ टक्क्यांच्या वरची एकही नको. आणि तिन्ही अगदी लांबलांबच्या निवडू नका. लागर, स्टाउट आणि आंबट बिअर शेजारी ठेवून त्या वेगळ्या आहेत एवढंच कळतं, ते पाटीवरही लिहिलेलं असतं. फक्त हॉप्सचा फरक असलेल्या दोन पेल एल आणि एक लागर, अशा त्रिकुटातून जास्त हाती लागतं.

मग त्यातल्या एकीचा अर्धा ग्लास मागवा. कुठलीचा, हे ठरवताना तोंडानं जिची तारीफ केलीत तिच्याकडे बघू नका. फळीकडे बघा. बोलण्याच्या नादात जो ग्लास सगळ्यात आधी रिकामा झाला, त्याच बिअरचा मागवा.